सातबारा सरकारचा, राजवाडा थिबाचा

चपला पायरीखालीच राहू द्या. कोकणातल्या कुठल्याही ओटीवर चढताना काढता तशाच काढा, फक्त जरा जास्त अदबीनं. आत राहायला आलेल्या माणसाच्या दरबारात पायातलं काढायचं की नाही, यावरून इंग्रज सरकारनं दहा वर्षं अबोला धरला होता.

साल १९१०, महिना नोव्हेंबर. खाली खाडीकाठी भाताची कापणी उरकली आहे, हवेतला पावसाळी ओलावा अजून पुरता गेलेला नाही. तुमच्यापुढं रत्नागिरीच्या टेकडीवर तांबूस रंगाची उंच इमारत उभी आहे. जांभ्याचे चिरे, उतरती छपरं, ओळीनं अर्धवर्तुळाकार खिडक्या, त्यांवर नाजूक कोरीवकाम आणि रंगीत काचा. चुन्याचा वास अजून उडालेला नाही. पाठीमागं वळलात तर भाट्याची खाडी, तिच्या मुखाशी वाळूचा पांढरा पट्टा आणि पुढं समुद्र. देखावा मोठा आहे, पण अशा वाऱ्याच्या तोंडावर कुणी शहाणा कोकणी माणूस घर बांधत नाही. तो माडांच्या आडोशाला, जरा खोलगट जागा बघून जोतं घालतो, म्हणजे आषाढातली झड भिंती खात नाही. टेकडीच्या कडेवर बांधतो तो एक तर किल्लेदार, नाही तर सरकार.

हे सरकारनं बांधलं आहे. लाखावर रुपये खर्चून, चार-पाच वर्षं काम चालवून. राहणाऱ्याचं मत आराखड्यात विचारलं गेलं, त्याच्या आवडीचं लाकूडही वापरलं. मालकी मात्र त्याची नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर सातबारा पहिल्या दिवसापासून सरकारच्या नावावर. राहणारा कैदी आहे. गावानं त्याच्याकडं पाहून इमारतीला ‘राजवाडा’ म्हटलं, आणि तेच नाव टिकलं.

आत शिरण्याआधी दाराच्या चौकटीला हात लावा. साग आहे, ब्रह्मदेशचा. हात तसाच राहू द्या, कारण आता आपण पंचवीस वर्षं मागं आणि समुद्रापलीकडं चाललो आहोत, आणि तिथंही हाताखाली हेच लाकूड लागणार आहे.

२९ नोव्हेंबर १८८५, मंडाले. हा खरा राजवाडा. सागाचे भलेथोरले खांब, त्यांवर सोन्याचा मुलामा, छपरावर छपरं चढवलेली, सगळं लाकडी. इथल्या राजापुढं येणाऱ्यानं पादत्राणं काढायची आणि जमिनीवर बसायचं, हा रिवाज. इंग्रजांचे वकील कुरकुरत का होईना, तो पाळत आले. १८७५ नंतर मात्र यापुढं बूट काढणार नाही असं कलकत्त्यानं ठरवलं, आणि तेव्हापासून इंग्रज वकिलाची राजाशी भेटच होईना. आज तुमच्या कानावर येणारा आवाज बुटांचा आहे. जनरल प्रेंडरगास्टचे शिपाई आवारभर पसरले आहेत. कर्नल स्लेडन राजाला सांगतो आहे की आजच निघायचं.

बागेतल्या लहानशा मंडपात बसलेला तो तरुण म्हणजे थिबा. अजून सत्तावीसही पुरे नाहीत. सात वर्षांपूर्वी, मिंडॉन राजा गेला तेव्हा, तो मठातून नुकताच बाहेर पडलेला, बौद्ध ग्रंथांची परीक्षा उत्तम उतरलेला अभ्यासू मुलगा होता. त्याच्या मागं बसलेली सुपयालत त्याची राणी आणि सावत्र बहीणही, आणि निर्णय तिचे चालत असं मंडालेतली पोरंसोरंही सांगत. तुम्हाला या दोघांची कणव येईल. येऊ द्या, पण १८७९ चा फेब्रुवारी विसरू नका. गादीला धोका नको म्हणून याच आवारात राजघराण्यातली ऐंशीच्या आसपास माणसं, बायकामुलांसकट, मारली गेली. हुकूम राजाचा की राणीच्या आईचा, यावर आजही वाद घालता येतो. मेलेल्यांना त्यानं फरक पडत नाही.

आणि युद्ध कशावरून? हाताखालच्या लाकडावरून. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली मुंबईत निघालेली कंपनी, वॉलेस बंधूंची. ब्रह्मदेशच्या जंगलातले सागाचे ओंडके नदीत सोडून खाली आणायचे, हा तिचा धंदा. कंपनी नेते त्याहून कमी ओंडके कागदावर दाखवते आणि दस्तुरी बुडवते, असा ठपका ठेवून १८८५ साली मंडालेच्या मंत्रिमंडळानं तिला २३ लाख रुपये दंड केला. ऑक्टोबरात इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता आला, नोव्हेंबरात आगबोटी इरावतीतून वर निघाल्या, पंधरवड्यात खेळ खलास. फ्रेंच ब्रह्मदेशात पाय रोवतील ही खरी भीती होती, दंड हे निमित्त, असं इतिहासकार म्हणतात आणि ते बरोबरच असावं. तरी निमित्त म्हणून का होईना, मुंबईच्या एका लाकूड कंपनीची बिलं एका राज्याच्या मुळाशी आली.

राजाराणीला बैलगाडीत बसवलं आहे. दुतर्फा माणसं गुडघ्यांवर बसून रडताहेत. नदीवर आगबोट तयार आहे. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचा जाहीरनामा निघेल. तो थिबाचा वाढदिवस.

मद्रासेत थांबायला नको. तिथं तिसरी राजकन्या जन्मली एवढं लक्षात ठेवा, आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीच्या बंदरात या. ‘क्लाइव्ह’ नावाचं जहाज दूर नांगरलं आहे. पडावातून उतरणाऱ्या माणसांकडं किनाऱ्यावरचे भंडारी, खारवी, दालदी डोळे फाडून बघताहेत. आंब्याचा मोसम ऐन भरात. राजाची कमरेला गुंडाळलेली रेशमी लुंगी, राणीचा अंबाडा आणि त्यातली फुलं, बरोबरचे नोकर, धाकटी राणी सुपयागले, लहान मुली, पेट्याच पेट्या.

रत्नागिरीच का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. नकाशा बघा. मागं सह्याद्री, पुढं समुद्र, रेल्वे नाही. मुंबईहून यायचं तर आगबोट, आणि जूनपासून तीही बंद. कैद्याला पळवून न्यायला कुणी आलाच तर चार महिने समुद्रच पहारा देतो. पुढं १९२४ साली सावरकरांना जिल्ह्याची हद्द न ओलांडण्याच्या अटीवर इथंच ठेवलं, तेही १९३७ पर्यंत. आडवळणी असण्याचा असा फायदा इंग्रजांनी दोनदा घेतला. कोकण रेल्वेची पहिली सलग गाडी धावायला १९९८ उजाडावं लागलं.

पुढची चोवीस वर्षं हे कुटुंब साहेबांच्या जुन्या बंगल्यांत काढतं. एप्रिल १८८७ मध्ये चौथी मुलगी होते, ती जन्मानंच रत्नागिरीकर. राजा दुर्बीण लावून गलबतं मोजत बसतो, असं गावात सांगतात. बाकी वर्षं अर्जांत जातात. तनखा वाढवा, घर बदला, स्लेडनच्या हाती ठेवायला दिलेलं मोठं माणिक परत द्या. माणिक काही मिळत नाही. मंडालेहून आणलेले जडजवाहीर मात्र एकेक करून रत्नागिरीच्या सावकारांकडं पोचतात, कारण राजाचा हात सैल आणि तनखा बांधलेला. ब्रह्मी राजानं नोकराला, भिक्षूला, सणावाराला हात आखडता घ्यायचा नसतो. राज्य गेलं म्हणून रीत कशी सोडायची? सरकारी कागदांत याला उधळेपणा म्हटलं आहे. मला ती उधळपट्टी कमी आणि दरबार चालू ठेवण्याची धडपड जास्त वाटते.

आता पुन्हा १९१० च्या चौकटीशी या आणि आत चला.

डोळे सरावू द्या. मोठा दिवाणखाना, पायाखाली गार संगमरवर. सूर्य कलल्यावर पश्चिमेकडच्या काचांतून तांबडे-निळे कवडसे फरशीवर पसरतात, आणि भिंतींना टेकून ठेवलेल्या, अजून न उघडलेल्या पेटाऱ्यांवरही. एक ब्रह्मी दासी तबक घेऊन आली. मालकिणीपासून चार हातांवर ती खाली बसली आणि उरलेलं अंतर गुडघ्यांवर सरकत गेली. तबक ठेवून, पाठ न दाखवता, तशीच मागं. खुर्चीवरची राणी आता पन्नाशीची आहे. तिच्यासमोर उभं राहायचं नाही. तुम्हीही बसा.

इथं बसलं की घराची घडण कळते. वरून बघावं तर राजवाडा, प्रत्येक खोलीत रिवाज जिवंत. आणि फाटकाशी इंग्रज सरकारनं नेमलेला पोलीस अधिकारी, खास या कुटुंबाच्या देखरेखीसाठी. कोण आलं, कोण गेलं, फिरायला गाडी कुठवर जाणार, सगळं त्याच्या नजरेखालून. मोडकी खिडकी दुरुस्त करायची तरी सरकारकडं लिहायचं. आत राजाला दंडवत आणि बाहेर राजाचा अर्ज. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दारातून.

मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. तिथं राजा रोज बसतो, मठातला अभ्यास त्याला इथं उपयोगी पडतो. त्याच्याजवळ जरा वेळ बसा आणि आठवा, की याच नोव्हेंबरात समुद्रापलीकडं काय चाललं आहे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेला एक माणूस मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, लाकडी फळ्यांच्या कोठडीत, शिसपेन घेऊन गीतेवर लिहितो आहे. टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं ते १९१० च्या नोव्हेंबरापासून १९११ च्या मार्चअखेरीपर्यंत. मंडालेच्या राजाला रत्नागिरीत दगडी महाल मिळाला त्याच हिवाळ्यात रत्नागिरीच्या लोकमान्यांना राजाच्याच गावात फळ्यांची खोली. इंग्रजांना या योगायोगाची गंमत वाटली असेल असं नाही. त्यांना फक्त माणसं त्यांच्या माणसांपासून दूर ठेवायची होती. दिल्लीचा बहादूरशाह जफर त्यांनी १८५८ मध्ये असाच रंगूनला नेला, तो १८६२ साली तिथंच मेला.

त्या कोपऱ्यात खेळणारी चार वर्षांची पोर पाहिलीत? ती टूटू. थोरल्या राजकन्येची मुलगी. बाप गोपाळ भाऊराव सावंत, थिबाच्याच पदरी नोकरीला असलेला, आधीच बायको असलेला मराठा गडी. १९०६ साली ही जन्मली तेव्हा घरात काय झालं असेल, ते या खोल्यांनी पाहिलं नाही. त्या तेव्हा बांधल्याच जात होत्या. पण दोष एकट्या राजकन्येवर टाकू नका. चार मुली, आणि रिवाजाप्रमाणं नवरा राजरक्ताचाच हवा. राजरक्ताचे पुरुष एक तर १८७९ मध्ये संपले, नाही तर समुद्रापलीकडं. या टेकडीवर वर्षानुवर्षं स्थळ म्हणून कोण येणार होतं? पोरींच्या तोंडी मराठी बसली होती. आजूबाजूला जी माणसं होती ती मराठीच बोलत होती.

आता थोडं भरभर चला. १९१२ च्या पावसाळ्यात सुपयागले जाते. तिचं शव पुरत नाहीत, पेटीत जपून ठेवतात, कारण एक दिवस परत जायचं आहे. १९१४ साली राजवाड्यात मोठी धामधूम उठते: राजकन्यांचे कान टोचायचे आहेत. आपल्याकडं बारशाआधीच सोनार येऊन जातो. ब्रह्मी घरात तो मुलगी वयात येतानाचा सोहळा, आणि राजकन्येचा म्हणजे राज्यभर गाजायला हवा. तसा करायला पैसा नव्हता म्हणून तो लांबत गेला. थोरली आता तिशी ओलांडून गेली आहे, धाकटी सत्ताविशीत. मांडव, वाद्यं, भारी वस्त्रं, गावातली बडी मंडळी पाहुणी. मंडालेत असायला हवा होता तो एक दिवस या दिवाणखान्यानं उसना आणून दाखवला, आणि मला विचाराल तर ही इमारत खऱ्या अर्थानं राजवाडा झाली ती त्या दिवसांपुरतीच.

१५ डिसेंबर १९१६. आंब्याला मोहोर धरू लागला आहे आणि राजवाड्याच्या खिडक्या लावून घेतल्या आहेत. थिबा गेला, सत्तावन्न वर्षांचा होऊन. ज्या घरासाठी वीस-बावीस वर्षं अर्ज केले त्यात तो सहा वर्षं राहिला. इथं जरा वेळ काढा, कारण खरा झगडा आता सुरू होतो. राणीचं म्हणणं एकच: मंडालेला न्या. सरकारचं म्हणणंही एकच: नाही. मेलेला राजा मंडालेत पोचला तर त्याच्या समाधीभोवती काय काय जमा होईल, याचा अंदाज सरकारला होता. जफरची कबर म्हणूनच त्यांनी रंगूनला जमिनीसपाट करून टाकली होती. सुपयालत शव द्यायलाच तयार नाही. पेटी आवारात आहे, धाकट्या राणीचीही आहे, दोन पावसाळे जातात. पैसा संपलेली, नवरा गेलेली बाई दोन वर्षांहून जास्त काळ मुंबई सरकारला दाद देत नाही. मंडालेत तिचे निर्णय चालत म्हणतात ते खोटं नसावं.

अखेर १९ मार्च १९१९ रोजी दोन्ही पेट्या उचलून, रत्नागिरीतच बांधलेल्या समाधीत ठेवल्या जातात. पुढच्याच महिन्यात कुटुंबाला ब्रह्मदेशी जाण्याची मुभा मिळते. जिवंत माणसांना परवानगी, मेलेल्यांना नाही. आगबोट सुटते. मंडाले त्यांना दिसत नाही, राणीला रंगूनमध्ये राहावं लागतं, आणि तिथंच ती १९२५ साली मरते. दुसरी मुलगी त्याआधीच एका ब्रह्मी तरुणाचा हात धरून निघून गेलेली, ती पुढं कालिंपाँगला राहिली.

राजवाडा रिकामा. पण थांबा, बंदरावर कोणी उतरतं आहे. थोरली राजकन्या, बरोबर टूटू. ब्रह्मदेशात जाऊन ती परत आली आहे. तिला पेन्शन आहे, गोपाळ इथं आहे, आणि जिथं आयुष्य गेलं ते गाव हे. राजवाड्यात मात्र ती राहत नाही, कारण तो कधी तिचा नव्हताच. टेकडीवरची इमारत दिसेल अशा गावात ती दुसऱ्या घरात राहते, आणि ३ जून १९४७ रोजी मरते. त्याच दिवशी दिल्लीत माउंटबॅटन फाळणीची योजना जाहीर करतो, त्यामुळं तिच्या जाण्याची बातमी कोण छापणार? तिच्यामागं टूटू. लग्न केलं, मुलं झाली, गोवऱ्या थापून संसार ओढला. ब्रह्मी विसरली, मराठी बोलली, शेजारच्यांनी तिला बाईसू म्हटलं. तिला भेटलात तर गुडघ्यांवर सरकू नका, ती चहा टाकेल. २००० साली ती गेली. या घराण्यात रत्नागिरीची जी झाली ती हीच, आणि राजवाड्याच्या भिंतींबाहेर झाली. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ त्याच वर्षी आली आणि जगभरचे वाचक थिबाचं घर विचारत येऊ लागले.

मधल्या काळात दिवाणखान्यात डोकावलात तर दचकाल. बाकं, फळा, टी-स्क्वेअर घेऊन वाकलेली पोरं. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षं शासकीय तंत्रनिकेतन इथं भरत असे. कोकणातल्या किती ओव्हरसियरांनी आणि इंजिनियरांनी या संगमरवरावर उभं राहून तोंडी परीक्षा दिली! राजानं इथं काढली सहा वर्षं, विद्यार्थ्यांनी दशकं. वास्तूवर हक्क वापरानं ठरत असता तर तो त्यांचा ठरला असता. आता पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे. कोकणातल्या जुन्या मूर्ती मांडल्या आहेत, वरच्या मजल्यावरच्या काही फळ्या पावलाखाली करकरतात.

शेवटचा मुक्काम, डिसेंबर २०१६, राजवाड्यापासून जरा दूर, समाधीपाशी. थिबाला जाऊन शंभर वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन येऊन नमस्कार करून गेलेच होते, आज गर्दी मोठी आहे. भगव्या चिवरांतले भिक्षू पाठ म्हणताहेत. रंगूनहून आलेले पणतू आहेत, आणि इकडच्या बाजूला टूटूची मुलंनातवंडं, अस्सल रत्नागिरीकर, पहिल्यांदाच इतक्या नातेवाइकांत उभी. पुढच्या रांगेत म्यानमारचे उपाध्यक्ष म्यिंत स्वे आणि लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग. दोघंही वाकून नमस्कार करतात. शेवटच्या राजाला बुटांच्या आवाजात बाहेर काढलं, त्याबद्दलचा मान आज वर्दीतली माणसं देताहेत.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी यांतला एक निवडून आलेलं सरकार उलथवून सत्ता हाती घेईल, दुसरा हंगामी अध्यक्ष म्हणून त्या कागदांवर सही करेल, आणि देशाच्या नेत्या तुरुंगात जातील. हे तुम्हाला इथं उभ्या उभ्या ठाऊक आहे. शेजारच्या रत्नागिरीकराला ठाऊक नाही. तो फोटो काढण्यात गुंतला आहे, आणि पाहुण्यांचं हेलिकॉप्टर किती वाजता परत उडणार ते विचारतो आहे.